हातचा राखून

रंजिता घरतचा कोणाच्याही आकड्यावर विश्वास नव्हता, आणि कंपनीने तिला ठेवलं होतं तेही त्याचसाठी. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला, जिथे ट्रकवाले गाडी वळवताना एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये छोट्या उपग्रहांचे कॅमेरे जुळवले जायचे. खोटं वाटतं ना? रंजिताच्या आईला, कमळाबाईला, चार वर्षं झाली तरी खोटंच वाटायचं. "लोखंडाच्या बाजारान कसला गो कॅमेरा?" असं ती दर गणपतीला पाहुण्यांसमोर विचारायची, आणि पाहुणे रंजिताकडे अशा नजरेने बघायचे की पोरगी कामाच्या नावाखाली भलतीकडेच जाते की काय.

पण कॅमेरे खरे होते. पाचशे किलोमीटरवरून खाली बघायचं म्हटल्यावर मान केसभर वाकडी झाली तरी पंचाईत. एका अंशाचे छत्तीसशे तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्याला शेडमधले सगळे नुसतं 'सेकंद' म्हणत. नजर एक सेकंद चुकली की जमिनीवर अडीचेक मीटरचा फरक पडतो. साठ सेकंद चुकली तर जवळजवळ दीडशे मीटर. म्हणजे मागितलं पनवेलचं वडाळे तळं आणि मिळाली काठावरची भेळेची गाडी. गिऱ्हाईकाने हद्द घातली होती साठाची. चूक शून्य कोणाचीच नसते, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून ती साठ सेकंदांची चूक आधीच सगळ्यांना वाटून द्यायची: सांगाड्याला एवढी, उन्हासावलीत धातू फुगतो-आकसतो त्याला एवढी, जोडाला एवढी. याला म्हणायचं चुकांचं बजेट, आणि ते सांभाळायची रंजिता.

ऐकायला सोपं आहे. पण माणसाला विचारून बघा, तुझी चूक किती होईल रे बाबा? तो खरं सांगेल? छे! तो हातचा राखूनच बोलणार. उद्या आकडा पार झाला तर आपलं नाव निघेल, या धास्तीने विसाचे तीस सांगणार. असे चार जणांनी हातचे राखले की कागदावर हद्द कधीच ओलांडलेली असते, आणि कॅमेरा बिचारा अजून खोक्यातून बाहेरही आलेला नसतो.

रंजिता हे सगळं आईच्या चुलीजवळ शिकली होती. कमळाबाई आणि तिच्या बायका गावोगावच्या हळदींना तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायच्या. यजमान म्हणायचा हजार भाकऱ्या, कमळाबाई मान डोलवायची आणि साडेसातशे थापायची. एकही हळद उपाशी राहिली नाही. "मानूस पोटान नाय बोलत, भियान बोलतो," ती म्हणायची. "बोलल त्याचा पाव काप, उरल तां खरा." रंजिताने इंजिनिअरिंगची चार वर्षं केली, पण एवढं कामाचं वाक्य तिला एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

तर या खेपेला ती वही घेऊन फिरली. सांगाडा करणारा धनेश म्हणाला, "बत्तीस." हे सांगताना तो मोबाईलवरच बघत होता, तेव्हाच तिला कळलं, इथे पाणी मुरतंय. उष्णतेचं बघणाऱ्या समीक्षाने आधी दहा मिनिटं अडचणींचं रडगाणं गायलं आणि मग म्हणाली, "अठ्ठावीस तरी धर बाई." तारे बघून दिशा ओळखणारा सेन्सर बाहेरून विकत घेतला होता, त्याच्या पत्रकावर चोवीस छापले होते. छापणारा तरी कुठला हरिश्चंद्र? रंजिताने त्यालाही मनातल्या मनात संशयितांच्या रांगेत उभं केलं.

शेवटी ती मनासेकाकांकडे गेली. मनासे पुगावकर. घड्याळं, सर्वेची यंत्रं, दुर्बिणी असं करत करत चाळीस वर्षं काचांमध्ये गेलेला माणूस. कॅमेरा आणि तो तारे बघणारा सेन्सर एकमेकांशी जुळवून चिकटवायचे, आणि उड्डाणाच्या हादऱ्यांत तो जोड किती सरकेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. कॅमेऱ्यावर एक नखाएवढा आरसा बसवलेला असे. काका दुर्बिणीतून त्यावर प्रकाश टाकत आणि परतलेली रेघ किती ढळली ते वाचत. बाजारात क्रेन चालू असेपर्यंत जमीन थरथरायची, म्हणून ते फक्त दुपारी एक ते दोन, माथाडी जेवायला बसले की मोजायचे आणि स्वतः तीन वाजता जेवायचे. शुक्रवारी चारला काम आवरून घर गाठायचे, कारण सूर्य मावळल्यावर त्यांचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायचा.

"काका, तुमचा किती?"

"चाळीस," काका म्हणाले.

चाळीस! ना एकोणचाळीस, ना एक्केचाळीस. रंजिताच्या भुवया वर गेल्या. गोल आकडा म्हणजे अंदाजपंचे, हा तिचा पक्का नियम. आणि सगळ्यांत मोठा हातचा कोणी राखलाय, तर या साध्या तोंडाच्या म्हाताऱ्याने!

"थोडा कमी नाही का होणार?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तीन नमुने हलवून बघितले मी. सदतीस, चाळीस, छत्तीस. मग चाळीसच सांगायला हवं ना, बाळ? तू विचारल्याने कमी होत असतं, तर मी आधीच नसतं केलं?"

त्यांच्या वहीत तिन्ही आकडे होते, पण पेन्सिलीने. पेन्सिलीचं काय, ती खोडताही येते. रंजिता मान हलवून निघून आली.

अशा चुकांची सरळ बेरीज करत नाहीत. सगळ्या एकाच दिशेने पडत नाहीत, म्हणून प्रत्येकीचा वर्ग, वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. ते निघालं त्रेसष्ट. हद्द साठ. रंजिताने इकडे-तिकडे बघितलं आणि आईचं नाव घेऊन प्रत्येकाचा पाव कापला. बत्तीसचे चोवीस, अठ्ठावीसचे एकवीस, सेन्सरचे अठरा, मनासेकाकांचे तीस. आता आलं सत्तेचाळीस. प्रत्येक ओळीपुढे ज्याचं त्याचं नाव घातलं आणि तक्ता मेलने सगळ्यांना आणि बंगळुरूच्या गिऱ्हाईकाला धाडला. कोणी चकार शब्द काढला नाही. काका तर मेल उघडतच नसत. बघा, तिला वाटलं, आपला अंदाज किती बरोबर!

दोन महिन्यांनी कॅमेरा हादऱ्यांच्या चाचणीहून परत आला. काकांनी तीन दिवस दुपारी मोजलं. धनेशचा सांगाडा तेवीस निघाला, समीक्षाचं गणित वीसच्या आत बसलं, विकतचा सेन्सर अठराला थांबला, आणि जोड सरकला होता अडतीस. तक्त्यात पुगावकर या नावापुढे तीस लिहिलेलं. ती एक ओळ लाल झाली.

गंमत म्हणजे एकूण चूक बावन्नच निघाली, साठाच्या खूप आत. कॅमेरा पास होता. नापास झाला तो माणूस.

गिऱ्हाईकाची तपासनीस रेवा मॅडम व्हिडिओवर म्हणाली, "ज्यांनी जोड जुळवला, त्यांनीच तो मोजलाय. तीस सांगून अडतीस होत असतील, तर त्यांच्या बाकीच्या मोजमापांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? पुढच्या कॅमेऱ्यांवर त्यांचा हात नको. उद्या अकरा वाजता तुमचं म्हणणं सांगा."

पडदा काळा झाल्यावर मालक हितेश काकांकडे वळला. हितेश गावचाच, आधी इमारती बांधायचा. कोणाशीही चढ्या आवाजात बोलणं त्याला अवघड नव्हतं, पण काकांशी तो हळू बोलला. "काका, हे असं कसं झालं?"

"मी चाळीस सांगितलं होतं," काका म्हणाले.

"कागदावर तीस आहे."

"मी चाळीस सांगितलं होतं, हितेश. माझ्या वहीत आहे."

वही आली. धनेशने वाकून बघितलं आणि खांदे उडवले. "पेन्सिलच आहे ना. आत्ताही लिहिता येतं."

अरे माणसा! चार वर्षं त्या काकांच्या डब्यातलं बिरडं खाल्लंस, आणि हे बोलतोस? पण रंजिताने हे म्हटलं नाही. मूग गिळून ती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली, कारण पेन्सिलीचा विचार आधी तिच्याच डोक्यात आला होता.

काकांनी चष्मा काढला, तक्ता डोळ्यांशी धरला, लांब धरला. मग वही बघितली. मग परत तक्ता. "रंजिता," ते म्हणाले, "मी तुला काय सांगितलं होतं गं?"

सगळी शेड तिच्याकडे बघायला लागली. "मला... नक्की आठवत नाही, काका. बघून सांगते."

काकांनी मान डोलवली. "असेल. माझंच चुकलं असेल. हल्ली डाव्या डोळ्याने जरा अंधुक दिसतं." आणि ते दुर्बिणीवर फडकं टाकायला गेले. दुपारी एकला क्रेन थांबल्या, माथाडी जेवायला बसले, पण त्या दिवशी काका दुर्बिणीपाशी गेले नाहीत. एक वाजताच डबा उघडून बसले आणि दोन घासांत मिटून टाकला.

हितेशने रंजिताला बाजूला घेतलं. "मान राखून घरी बसवू त्यांना. सत्कार करू, शाल देऊ. तू उद्यापर्यंत कागदपत्रं नीट करून ठेव."

शाल! त्या माणसाला दुपारचा एक तास हवा होता, आणि हा त्याला शाल देणार.

बेसिनपाशी समीक्षा हात धूत होती. रंजिता शेजारी उभी राहिली, तशी समीक्षा आरशातूनच, ओठ न हलवता म्हणाली, "माझे अठ्ठावीस होते ना गं? तक्त्यात एकवीस होते."

रंजिता दचकली. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? वीसचे अठ्ठावीस सांगितले होते. एकवीस लिहिलेस, तरी माझं भागत होतं." तिने नळ बंद केला. "धनेशनेही बघितलंय. मलाच म्हणाला, गप बस, आपलं निभावतंय ना."

म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं! चोराच्या मनात चांदणं. ज्यांनी हातचा राखला होता ते कापल्यावरही गप्प बसले, कारण ओरडले असते तर आधी त्यांचीच झोळी झाडली गेली असती. बोलला तो एकटा, ज्याच्याकडे लपवायला काही नव्हतं. आणि लबाड ठरला तोच. तरीही, खरं सांगायचं तर, रंजिताच्या मनाचा एक कोपरा अजून वळवळत होताच: कशावरून? कशावरून काकांनीही दोन-चार राखले नसतील? अडतीस झाले, चाळीस सांगितले होते. दोन राखलेच की! संशयाची सवय अशी जात नाही, बरं का. ती स्वतःच्याच पापाला साक्षीदार शोधत फिरते.

संध्याकाळी ती कामोठ्याला घरी आली तेव्हा दारात पाच परातींत उकड मळणं चाललं होतं. कोन गावात हळद होती. रंजिता चप्पल काढून आईशेजारी टेकली.

"किती हायत?"

"सहाशे," कमळाबाई म्हणाली.

"म्हणजे साडेचारशे थापायच्या."

"नाय गो. सहाशेच."

रंजिताने वर बघितलं. "पाव नाय कापायचा?"

"भामाच्या घरची हळद हाय ती." कमळाबाईने हाताला पाणी लावून गोळा फिरवला. "भामा घरोघर जाऊन डोकी मोजते. पोरां किती, म्हातारी किती, दात कोनाला नाय, सगला. तिचा पाव कापला तं पंगत उपाशी उठल."

"पण तू तं बोलली, सगल्यांचाच काप!"

"सगल्यांचा कधी बोलली मी?" कमळाबाई वैतागली. "आधी मानूस वलखायचा, मंग कापायचा. मोजून बोलनाऱ्याचा कापला तं ती आक्कल नाय, ती चोरी."

बाकीच्या बायका हसल्या. कमळाबाईने पुढचा गोळा उचलला. तिच्या लेखी विषय संपला होता. रंजिता तिथेच पीठ लागलेल्या फरशीवर बसून राहिली. सदतीस, चाळीस, छत्तीस. काकांनी आकडे समोर धरले होते, तोंडाने वाचून दाखवले होते, आणि तिने काय बघितलं? पेन्सिल! तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रेवा मॅडम पडद्यावर आली. काका नवे कपडे घालून आले होते. कोणीतरी शालीचं त्यांच्या कानावर घातलं असावं. हितेशने घसा साफ केला. "मॅडम, आमचे पुगावकर काका फार अनुभवी, पण वयोमानानुसार..."

"दादा, थांबा," रंजिता म्हणाली. ती उभी राहिली. "काकांनी चाळीस सांगितलं होतं. तीस मी लिहिलं. त्यांना न विचारता."

"काय?" हितेश म्हणाला.

"सगळ्यांचेच आकडे मी पावाने कापले. सगळे हातचा राखून बोलतात असं मला वाटलं. काकांनी राखला नव्हता. त्यांनी मोजलं होतं. आणि काल मला सगळं आठवत होतं, तरी मी आठवत नाही म्हणाले."

धनेशला अचानक बुटाच्या नाडीत काहीतरी सापडलं. रेवा मॅडमने विचारलं, "बाकीच्यांच्या लक्षात नाही आलं?" समीक्षा हळूच पडद्यासमोरून बाजूला सरकली. मॅडमने मूळ आकडे मागवले, प्रत्येक आकड्यामागची मोजमापं मागवली. असली मोजमापं फक्त एकाच माणसाकडे निघाली. पेन्सिलीतली ती पानं तिने पडद्यावर एकेक करून दाखवायला लावली आणि म्हणाली, "पुगावकरांचा हात राहू द्या. बाकी सगळ्यांचं पुन्हा मोजा."

हितेशने रंजिताला ऐकवायचं ते ऐकवलं, आणि इमारती बांधणाऱ्या माणसाचं ऐकवणं कसं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिला काढलं नाही. बजेट तिच्याकडेच ठेवलं. "तुझ्याइतकी अद्दल कोणाला घडलेली नाही," तो म्हणाला, "आता तूच नीट करशील."

ती काकांपाशी गेली. "काका, माझं चुकलं. फार मोठं चुकलं."

"बोललीस ना सगळ्यांसमोर," काका म्हणाले. "झालं तर मग." त्यांनी दुर्बिणीवरचं फडकं काढलं. ना राग, ना टोमणा. तिला वाटलं, सुटले. देवासारखा माणूस, पोटात काही ठेवत नाही.

दीड महिन्याने पुढच्या कॅमेऱ्याचं बजेट आलं. या वेळी रंजिता पाव-बिव काही कापणार नव्हती. धनेशने मोजमापं जोडून बावीस दिले, समीक्षाने वीस. तेही तिने दोनदा तपासून घेतले, हे सांगायला नकोच. शेवटी ती मोठ्या खुशीत काकांकडे गेली, कारण एवढी एकच ओळ अशी होती की तिथे तपासायची गरज नव्हती. जोड तोच, गोंद तोच, आरसाही तोच.

"काका, तुमचा किती लिहू?"

काका वहीकडे न बघताच म्हणाले, "त्रेपन्न."

रंजिता हसली. मग तिचं हसू थांबलं. त्रेपन्न? तिने मनात हिशोब केला, हात आपोआप चालतो तसा. त्रेपन्नाचा पाव सव्वातेरा. त्रेपन्नातून सव्वातेरा गेले की राहतात जवळजवळ चाळीस.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी आता कोणाचा कापत नाही. शपथ. खरा सांगा ना. चाळीसच आहे ना?"

बाहेर क्रेन थांबली. एक वाजला होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दुर्बिणीवर वाकले.

"तू त्रेपन्नच लिही, बाळ," ते म्हणाले. "चाळीस मी एकदा सांगून बघितलं."